खेकड्यांच्या गॅलरीतली किसणी

मित्रांनो, मला हात लावण्याआधी मी तुमची बोटं नीट पाहून घेईन. राग मानू नका. किसणीचा जन्मच असा, की तिला प्रत्येक हाताचा संशय येतो. कोण घाईघाईत किसणार, कोण अर्धवट धुऊन तशीच टाकणार, हे मी पहिल्या स्पर्शात ओळखते. मी आता जुनी झाले आहे. माझी एक कड वाकली आहे आणि पाठीवर दोन ठिकाणी गंज चढला आहे. पण संशय काही बोथट झालेला नाही.

मला दामासोने घडवलं. तो आमच्या बंदरावर बोटींचे पत्रे जोडायचं काम करायचा. नव्या लग्नाच्या दिवसांत त्याने तेलाचा एक मोठा डबा कापला, पत्रा ठोकून सपाट केला आणि अंगणात बसून खिळ्याने माझ्या अंगावर भोकं पाडली. फार दुखलं. पण तो प्रत्येक भोकानंतर थांबून बोट फिरवून पाहायचा, म्हणून मी ते सहन केलं. मग मला लाकडी चौकटीत बसवून त्याने बायकोच्या, नेरेइदाच्या हातात दिलं. तिने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "दिसायला धड नाही. बघू, नारळ किसते का."

मी नारळ किसला. कसाव्याचे कंद किसले. त्या किसाच्या ती करंज्या करायची, आत खिमा भरून. आमच्याकडे त्यांना कातिबिया म्हणतात. रविवारी दुपारी ती टोपलीभर कातिबिया घेऊन बेसबॉलच्या मैदानावर जायची, कारण आमच्या गावात रविवारी दुपारी दुसरीकडे कोणी जातच नाही.

अशाच एका रविवारी मी चुकून टोपलीत राहिले होते. दामासोने मला उचललं आणि जेवायचा काटा माझ्या अंगावरून खरखर फिरवला. शेजारी नेरेइदाचा भाऊ फाउस्तो मांडीवर ढोल घेऊन बसला होता. दोघांचा ताल जुळला आणि गॅलरीतली माणसं उभी राहून नाचू लागली. तेव्हापासून मला दोन कामं लागली. आठवडाभर किसायचं आणि रविवारी वाजायचं. लोक म्हणायचे, "दामासो, तुझी किसणी गाते रे." तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

आमच्या संघाचं नाव खेकडे. नावाप्रमाणेच त्यांचा खेळ. पुढे निघाले की बाजूलाच जातात, असं लोक म्हणत. वर्षानुवर्षं ते हरत आले होते. पण आमचं कुटुंब एकही रविवार चुकवत नसे. डाव्या गॅलरीत, कुंपणाजवळ, तीच बाकं. तुरीच्या दाण्यांचा भात, तळलेल्या केळ्याचे काप, कातिबिया, ढोल आणि मी. दामासो आणि नेरेइदाची मुलगी यादिरा तिथेच चालायला शिकली.

पुढे यादिरा परिचारिकेचं शिक्षण घ्यायला डोंगरापलीकडच्या शहरात गेली. त्या शहराच्या संघाचं नाव कोंबडे. कोंबडे आणि खेकडे यांचं वैर माझ्यापेक्षाही जुनं आहे. आणि यादिराने लग्न केलं ते नेमकं त्या शहरातल्या मुलाशी. त्याचं नाव एलादियो. तो फ्रीज आणि पंखे दुरुस्त करायचा. बंदरावर त्याला काम मिळालं आणि दोघं आमच्याच घरात राहायला आली.

येताना त्याने सासूसाठी भेट आणली. विजेवर चालणारं, पांढरं, गुळगुळीत किसण्याचं यंत्र. नेरेइदाने ते ओट्यावर ठेवलं आणि मला मागच्या भिंतीवर टांगलं. आता रविवारी दामासो आठवण ठेवून उतरवायचा तेवढंच. बाकी सहा दिवस मी भिंतीवरून त्या माणसाकडे पाहत बसायचे. गोड बोलत घरात शिरतो आणि पहिल्याच दिवशी घरातल्या जुन्यांची जागा हलवतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा?

मैदानावरही त्याचं वागणं वेगळंच होतं. आमचा फटका लागला की सगळे ओरडायचे. तो नुसता हसायचा. टाळ्या वाजवायची वेळ आली की त्याचे हात नेमके खिशात असायचे. उजव्या खिशात काहीतरी मऊ, फुगीर होतं. ते तो मधूनमधून दाबून पाहायचा.

फाउस्तोच्या नजरेतून हे सुटलं नाही. तो दामासोच्या कानाशी लागला.

"जावयाच्या खिशात काय आहे?"

"रुमाल असेल."

"इतका जाड? नाक पुसताना तर कधी दिसला नाही. मी सांगतो, उतारा आहे. त्याच्या गावाहून आणलाय. तो आल्यापासून आपण किती सामने जिंकलो, सांग."

"तो यायच्या आधी किती जिंकलो होतो?"

"आधी हरायचो ते आपल्या कर्माने. आता हरतोय ते त्याच्या पायगुणाने. पांढऱ्या पायाचा आहे तो."

दामासो हसला. पण त्यानंतर आमचा फलंदाज बाद झाला की त्याचीही मान हळूच एलादियोकडे वळायची. मी त्याच्याच मांडीवर असायचे, मला ते कळायचं.

मग फाउस्तोने परीक्षा घ्यायला सुरुवात केली. आमचे खेकडे फलंदाजीला आले की तो म्हणायचा, "जावईबापू, जरा बर्फ आणता का?" एलादियो उठून जायचा. आणि दैवाची गंमत पाहा, तो गेला की दोनदा आमच्या धावा झाल्या. झालं. पुढच्या रविवारी त्याला पाणी आणायला पाठवलं. त्याच्या पुढच्या रविवारी लिंबू. शेजारच्या बाकावरची माणसंसुद्धा त्याला कामं सांगू लागली. एकदा तर खुद्द नेरेइदा म्हणाली, "एलादियो, टोपलीवरचं फडकं घरी राहिलं बघ." फडकं टोपलीवरच होतं. त्याने ते पाहिलं, सासूकडे पाहिलं, "आणतो, सासूबाई," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. तो सामना संपेपर्यंत परत आला नाही.

त्या दिवशी आम्ही जिंकलो. गॅलरी नाचत होती, मी मोठ्याने वाजत होते आणि यादिरा एकटी बाकावर बसून पायऱ्यांकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले होते. नेरेइदाने कंद आणि मांसाचा दाट रस्सा केला होता. फाउस्तोने दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

"जावई, घरचेच आहोत आपण. खिशात काय आहे ते एकदा दाखवून टाका."

"मामा," यादिरा म्हणाली, "तुम्ही पोलीस कधीपासून झालात?"

"तू गप्प बस. मी त्याला विचारतोय."

एलादियोने खिशात हात घातला आणि एक घडी केलेली टोपी काढून रश्श्याच्या भांड्याशेजारी ठेवली. लाल टोपी, तिच्यावर पिवळा कोंबडा. कापड विटलेलं, कड उसवलेली.

भिंतीवर टांगलेल्या मला वाटलं, घ्या, माझा संशय खराच निघाला.

"लहानपणापासूनची आहे," एलादियो म्हणाला. "इथे घालत नाही. घालणं बरं दिसणार नाही. पण टाकवतही नाही."

"म्हणजे तू त्यांचाच," फाउस्तो म्हणाला. "आमच्यात बसून आमचं खाऊन."

"मी कोंबड्यांचाच आहे, मामा. मी यादिराशी लग्न केलं. संघाशी नाही केलं."

"ऐकलंस, ताई? तोंडाने कबूल करतोय."

यादिरा उठली. ती फार शांतपणे बोलली. "मला दिवस गेलेत. आज सांगणार होते. पण माझं मूल जन्मल्याबरोबर तुम्ही त्याचे पाय तपासणार असाल, तर आम्ही डोंगरापलीकडे जातो. तिथे त्याच्या घरी मला कोणी बर्फ आणायला पाठवलं नाही."

ती आत गेली. तिच्या मागोमाग तोही गेला. टोपी मात्र टेबलावरच राहिली. दामासोने तिच्यावर उडालेला रश्श्याचा थेंब अंगठ्याने पुसला आणि तोही उठून गेला.

त्या आठवड्यात यादिरा कपाटातले कपडे काढून, घड्या घालून पेटीत भरत होती. शनिवारी सकाळी वीज गेली, आमच्याकडे ती जातेच. पांढरं यंत्र मुकं झालं. नेरेइदाने मला भिंतीवरून उतरवलं, धुतलं आणि रविवारच्या कातिबियांसाठी कंद किसायला बसली. तेवढ्यात एलादियो पाणी प्यायला आत आला. तो परत वळणार एवढ्यात ती म्हणाली, "बस."

तो बसला.

"खरं सांग. आमचे हरावेत असं वाटतं तुला?"

"कोंबड्यांशी खेळत असतील तर वाटतं. दुसऱ्यांशी असले तर नाही वाटत. हल्ली तर जिंकले की बरंही वाटतं."

"मग टाळ्या का वाजवत नाहीस?"

"मनापासून आल्या नाहीत तर तुम्ही ओळखाल, म्हणून."

तिने दोन वेळा कंद माझ्यावरून ओढला. "पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर घरात घेतलं असतं?"

नेरेइदाच्या हाताचा दाब कमी झाला, ते मला जाणवलं.

"त्या दिवशी फडकं टोपलीवरच होतं," ती म्हणाली.

"पाहिलं होतं मी."

"उद्या ये. टोपी डोक्यावर घालून ये. खिशातला कोंबडा मला नको. दिसणारा चालेल."

दुसऱ्या दिवशी सामना होता तो कोंबड्यांशीच. जिंकणारा पुढे जाणार, हरणाऱ्याचा हंगाम संपणार. एलादियो लाल टोपी घालून आमच्या गॅलरीच्या पायऱ्या चढला, तेव्हा आजूबाजूला कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणालं, "अरे, कोंबडं चुकून खेकड्यांच्या बिळात शिरलं." फाउस्तो ढोल उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. यादिराने नवऱ्याचा हात धरून ठेवला होता.

खेळ अटीतटीचा झाला. दामासोने पहिल्या डावापासून मला वाजवलं. त्याच्या मनगटात जुनं दुखणं होतं, पत्रे ठोकून ठोकून जडलेलं. सहाव्या डावात मनगट सुजलं आणि काटा त्याच्या हातातून गळून पडला. त्याने पुन्हा उचलला, पुन्हा पडला. ढोल एकटाच वाजू लागला. किसणीशिवाय ढोल म्हणजे एका पायाचं नाचणं. गॅलरी थंड पडली.

"कोणाला येतं का?" दामासोने विचारलं.

"मला येतं," एलादियो म्हणाला. "आमच्याकडे घराघरात वाजवतात."

"त्याच्या हातात दिलीस तर मी ढोल खाली ठेवीन," फाउस्तो म्हणाला. "तो ताल बिघडवणार. त्याचाच संघ समोर आहे, एवढं कळत नाही तुम्हाला?"

नेरेइदाने मला उचललं आणि एलादियोच्या मांडीवर ठेवलं. काटा त्याच्या हातात दिला. "फाउस्तो," ती म्हणाली, "ढोल ठेवायचा तर ठेव. मग किसणी एकटी वाजेल."

माझं अंग ताठ झालं होतं. मी त्याची बोटं पाहिली. त्याने आधी माझी वाकडी कड चाचपली, गंजलेली जागा शोधली आणि काटा तिथून दूर धरला. मग त्याने वाजवायला सुरुवात केली.

मित्रांनो, माझ्या अंगावर हात खोटा पडला तर सगळ्यांत आधी मला कळतं. तो हात खोटा नव्हता. एकही घाव ढिला नव्हता, एकही उशिरा नव्हता. दामासोच्या हातात मी गात असे. या हातात मी पळत होते. थोडा वेळ फाउस्तो हात बांधून बसला. मग त्याची बोटं ढोलावर आपोआप पडू लागली. आधी कडेला, मग मधोमध. सबंध गॅलरी उठली.

शेवटच्या डावात आमचे गडी धाव घ्यायला टपून तिन्ही कोपऱ्यांवर उभे होते आणि आम्ही एका धावेने मागे होतो. फटका उंच गेला. चेंडू कुंपणाजवळ, आमच्या अगदी समोर, कोंबड्यांच्या खेळाडूने झेलला. आमचा शेवटचा गडी बाद. संपलं.

सगळ्यांच्या नजरा एलादियोवर खिळल्या. तो उडी मारतो का, हसतो का, हे पाहायला माणसं मैदानाकडे पाठ करून उभी राहिली. तो जागेवरच बसून होता. काटा अजून माझ्यावर टेकलेला होता.

फाउस्तो चालत आला. "आतून आनंद झालाच असेल."

"झालाय, मामा. खोटं कशाला बोलू?"

फाउस्तोने माझ्याकडे बोट दाखवलं. "ताल मात्र सोडला नाहीस."

"सोडला असता तर तुम्ही ढोल डोक्यात घातला असता."

फाउस्तोच्या मिशीखाली काहीतरी हललं. टोपलीत शेवटची एक कातिबिया उरली होती. त्याने ती उचलली, मोडली आणि अर्धी जावयापुढे धरली.

"अर्धीच," तो म्हणाला. "अख्खी द्यायला अजून वेळ आहे."

यादिराने सोमवारी कपडे पुन्हा कपाटात लावले. मुलगी आमच्याच गावात जन्मली. फाउस्तोचा संशय मात्र पुरता गेला नाही. आजही सामना चुरशीचा झाला की तो जावयाला डावीकडून उठवून उजवीकडे बसवतो. एलादियो "बरं, मामा" म्हणून उठतो, मला बगलेत घेतो आणि उजवीकडे जाऊन वाजवतो. दामासोचं मनगट आता काटा धरत नाही. तो नातीला मांडीवर घेऊन टाळी शिकवतो. तिने कोणासाठी वाजवावी, हे अजून ठरलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुठेतरी एखादी जुनी किसणी टांगलेली असेल. कंद किसून झाला की तिला लगेच धुवा, कोरडी करा, ओली टाकू नका. गंज आतून लागतो आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि घरात नवा माणूस आला, त्याच्याविषयी मनात काही आलं, तर त्याला बर्फ आणायला पाठवू नका. जवळ बसवा आणि तोंडावर विचारा. उत्तर आवडणार नाही कदाचित. तरी अर्धी करंजी द्यायला काय हरकत आहे?