लेबलावर लेबल

मी बाटल्यांना लेबल लावणारी एक जुनी मशीन आहे. सध्या माझा मुक्काम सरकारी गोदामात, जप्त मालात आहे. शेजारी एक जप्त झालेला झोपाळा आहे. त्याने काय गुन्हा केला ते तो सांगत नाही. मी मात्र सगळं सांगणार आहे, कारण मला सूड घ्यायचाय. अर्धा घेऊन झालाय.

मित्रांनो, माझा जन्म खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यासाठी झाला. घरंदाज कारखाना होता. रोज तेलपाणी, रोज मऊ फडकं. तिथे माझ्या पोटाशी एक पोलादी बोट बसवलं होतं. बाटलीवर आधीच लेबल असलं की ते बोट ओळखायचं आणि बाटली बाजूच्या पिंजऱ्यात ढकलायचं. पिंजरा भरला की दार आपोआप बंद होऊन कुलूप लागायचं. किल्ली मला चालवणाऱ्याकडे. औषधाच्या धंद्यात लेबलावर लेबल म्हणजे महापाप. आत काय आहे, हे लपवायची तीच तर सोपी वाट.

पुढे तो कारखाना बुडाला. मला एका दारूवाल्या शेठने घेतलं. मला चालवणारी ताईही पाठराखणीसारखी सोबत आली. शेठच्या बाटलीवर छापलेलं असे: 'यकृतास बल. सकाळ-संध्याकाळ दोन झाकणं.' खाली पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला शेठचा फोटो.

ताईचे वडील, आप्पा, दुसऱ्या गावी मुलाकडे राहायचे. दारूला आयुष्यात शिवले नव्हते, पण छापलेल्या अक्षरावर त्यांची भारी श्रद्धा. वाण्याकडे मधाच्या बरणीशेजारी त्यांना ही बाटली दिसली. लेकीच्या कारखान्याचं औषध म्हणून नाक दाबून, वेळेवर घेत राहिले. "एवढं कडू आहे, म्हणजे गुणकारी असणार," असं सुनेला सांगायचे. पुढे डोळे पिवळे पडले, पोट फुगलं आणि त्यांना इथल्या हॉस्पिटलात आणलं, तेव्हा कुठे ताईला कळलं.

ताईने सरकारकडे तक्रार केली. नोटीस आली: बाटलीवरचे औषधी दावे खोटे आहेत, तपासणीला येत आहोत. शेठने दुकानांतला सगळा माल परत मागवला. आप्पांकडची बाटली ताईच्या वहिनीने धुऊन तिच्यात फिनेल भरलं होतं. पुरावा उरला तो शेठच्याच आवारात. ताईला मात्र त्याने काढलं नाही, मला चालवणं दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

"म्हाताऱ्याने मौज केली आणि खापर माझ्यावर," शेठ सगळ्यांदेखत म्हणाला. "त्या ओळीवर पट्टी मारा. लिहा, 'फक्त मौजेसाठी'."

म्हणजे दावा झाकला जाणार होता आणि आप्पांच्या कपाळी बेवड्याचा शिक्का बसणार होता. तोही माझ्याच हातून. मित्रांनो, माझ्या गिअरांचे दात कराकरा वाजले. लोकांना वाटलं, वंगण संपलं.

"शेठ, हिच्या बोटाला चालणार नाही," ताई म्हणाली.

"मग बांध ते बोट."

ताईने केसांतला रबर काढून बोट बांधलं. रबर झिजलेला होता. तिच्या पर्समध्ये नव्या रबरांचं अख्खं पाकीट होतं, पण शेठने ते विचारलं नाही.

पट्टा सुरू झाला. मी एक हिसका दिला आणि रबर तुटून शेठच्या नाकावर बसला. पहिली बाटली पिंजऱ्यात गेली. दुसरी गेली. मग मी मागे वळून पाहिलंच नाही. मशीनला मान नसते. शेठने लाल बटण दाबलं तोवर पिंजरा भरून बंद झाला होता.

"किल्ली आण."

"आप्पांच्या डब्याच्या पिशवीत राहिली. हॉस्पिटलात."

तेवढ्यात अधिकारी बाई आत आल्या. ताईने पदर चाचपला आणि किल्ली सापडली.

बाईंनी एक बाटली उचलली. "हे डॉक्टर कोण?"

"मीच," शेठ म्हणाला. "म्हणजे कोट न्हाव्याचा आहे."

"यकृतास बल देतं म्हणता. तुम्ही घेता का?"

"छे हो, बाई. माझं यकृत नाजूक आहे."

बाईंनी ते शब्दशः लिहून घेतलं आणि शेठची सही घेतली. माल सील झाला, कारखान्याला टाळं लागलं आणि साक्षीदार म्हणून मला उचललं. ट्रकमधून जाताना शेठ फाटकाशी रडताना दिसला. फार सुंदर दिसत होता.

आता खटला सुरू आहे. शेठचा वकील म्हणतो, ही मशीन म्हणजे भंगार आहे, ती कधीची बंद आहे, मग पट्ट्या मारायचा प्रश्नच कुठे येतो? त्यामुळे न्यायाधीशांसमोर मला चालून दाखवायचंय. तिकडे आप्पा अळणी जेवतात आणि डॉक्टरांना बजावतात, "साक्ष होईपर्यंत मला काही होता कामा नये. पुढचं पुढे."

मित्रांनो, एरवी मी म्हटलं असतं, सगळ्या यंत्रांची काळजी घ्या. पण आत्ता फक्त माझी घ्या. इथे छप्पर गळतं आणि बोटाच्या सांध्यात गंज धरायला लागलाय. या बाजूला आलात तर थोडं तेल घेऊन या. झोपाळ्याला नाही दिलं तरी चालेल, तो तसाही कुरकुरतोच. तारीख जवळ आलीय आणि शेठ पहिल्या रांगेत बसणार आहे.