व्याह्यांनी रिकामं केलेलं तळं

"कोणाला पटायचं नाही, आणि पटूही नये," असं म्हणून कानाकिस म्हातारा कॉफीखान्यातल्या टेबलावर थाप मारतो आणि मगच गोष्टीला हात घालतो. "पण हॉलंडच्या एका माणसानं, एकट्यानं, एका दुपारच्या झोपेत अख्खं गाव कोरडं केलं!"

झालं असं. कानाकिसची एकुलती एक लेक इव्हान्थिया हॉलंडात शिकायला गेली आणि तिथल्या येल्मरशी लग्न ठरवून आली. लग्न इथेच, ग्रीसच्या क्रीट बेटावर, आपल्या गावात व्हावं, शेवटच्या बकरीलासुद्धा आमंत्रण असावं, ही कानाकिसची जन्माची हौस. लेकीनं कबूल केलं, पण दम देऊन.

"बाबा, येल्मरचे वडील आधीच येऊन राहणार आहेत. तुम्ही दोघं भांडलात, तर आम्ही तिकडेच कचेरीत सह्या करून मोकळे होऊ. मग नाचा एकटेच."

कानाकिसनं जिभेला गाठ मारली.

व्याही दाउवे भला माणूस, पण उंच इतका की चर्चच्या घंटेला खांदा टेकून उभा राहायचा. लग्न ठरल्यापासून तो ग्रीक शिकला होता, आणि शिकलेला प्रत्येक शब्द वापरायचाच असा त्याचा बाणा. विमानतळावरून येतानाच सुरुवात झाली.

"रस्ता छान आहे, व्याहीबुवा. युरोपच्या मदतीतून, म्हणजे आमच्या करातून झाला."

"हो तर! म्हणून तुमचेच ट्रक पळतात त्यावरून. क्रीटमध्ये टोमॅटो विकायला! चव पाण्याची, पण काय गोल!"

बायकोनं, आर्जिरोनं, कोपर मारलं तेव्हा कुठे गाठ परत बसली.

दुपारी गावाची दारं-खिडक्या बंद झाली, तसं दाउवेनं घड्याळ पाहिलं. "भर दुपारी झोपता? मग आम्ही पैसे पाठवतो ते उशीत भरायला का?"

लेक समोरच उभी होती. कानाकिसनं उत्तराऐवजी राकी दारूचा घोट गिळला.

गावाच्या वरच्या अंगाला तळं आहे. हिवाळ्यात पडेल तेवढा पाऊस त्यात साठवायचा. वेली, बकऱ्या, परसातली वांगी, सगळ्यांनी पुढच्या पावसापर्यंत त्यावरच भागवायचं. काठावर ताऱ्यांची निळी पाटी: युरोपच्या मदतीनं बांधलं. दाउवेनं ते काठोकाठ भरलेलं पाहिलं आणि त्याचा जीव कळवळला. त्याचा बाप, आजा, पणजा, सगळ्यांनी जन्मभर शेतातलं पाणी समुद्रात ढकललेलं. साठलेलं पाणी म्हणजे त्यांना घरात शिरलेला चोर. "बिचारे," तो कानाकिसच्या देखत पुटपुटला, "पूर आलाय आणि हे झोपलेत!"

दुसऱ्या दुपारी गाव घोरत होतं. कानाकिस तर असा गाढ झोपला होता, की त्याच्या घोरण्यानं झाडावरची कच्ची अंजिरं गळत होती. दाउवेच्या दाराशी नेमकं एक फावडं टेकलेलं होतं. त्यानं ते उचललं, तळ्याचा बांध फोडला आणि समुद्राकडे असा सरळ चर खणला की गवंड्याच्या दोरीनं लाजावं. पाणी गेलं. समुद्र बोटभर चढला. पलीकडे आफ्रिकेत कोळ्यांच्या चपला भिजल्या.

गाव उठून धावत आलं. चिखलानं माखलेला दाउवे आनंदानं म्हणाला, "वाचलात! आता निवांत झोपा."

आर्जिरोनं छातीवर क्रूसाची खूण केली. "आता बकऱ्यांना काय पाजायचं, तुमचे ते पाणचट टोमॅटो?"

तेव्हा त्याला उमगलं. त्याचे कान लाल झाले, आणि तो उंच माणूस चिखलात मटकन बसला. बसल्यावर पहिल्यांदाच कानाकिसएवढा दिसला.

लोक मुठी वळून पुढे सरकले. कानाकिसच्या जिभेवर टोमण्यांची रांग लागली होती. रस्त्याचा टोमणा, उशीचा टोमणा, सगळ्यांची फेड एका दमात झाली असती. पण लेक बघत होती, आणि तो चिखलातला माणूसही.

"ओरडताय कोणावर?" कानाकिस गरजला. "मीच सांगितलं त्यांना! किती वर्षांचा गाळ साचलाय. तुमच्यापैकी कोण काढणार होतं?"

दाउवेनं मान वर केली. हात पुढे केला, आणि कानाकिसनं त्याला ओढून उभं केलं.

मग गाळ उपसला, लग्नही इथेच झालं. आणि पाणी? दाउवेनं घरी फोन केला, आणि हॉलंडातून दुधाचे टँकर पाऊस भरून निघाले. जर्मनीत पावती मागितली, इटलीत जेवलात का विचारलं. टँकर नीट धुतले नव्हते, म्हणून त्या उन्हाळ्यात गावच्या वांग्यांवर साय धरली!

कॉफीखान्यात सगळे माना डोलावतात. कोपऱ्यात एक माणूस तोंडावर टोपी ठेवून पडलेला असतो, पाय थेट रस्त्यापर्यंत. हल्ली रोज दुपारी तो इथेच झोपतो. टोपी हळूच वर उचलली जाते.

"खोटं!"

"कसलं खोटं? टँकरचं?"

"टँकरचं असू दे, ते छान आहे," दाउवे म्हणतो. "पण तू झोपला नव्हतास, लबाडा! ते फावडं सकाळी माझ्या दाराशी नव्हतं. तूच आणून ठेवलंस, आणि पडद्याआडून बघत बसलास!"