मला चाचांवर वाजवलं

इकडं वर बघा, कपाटावर. जुन्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्याशेजारी तोंड भिंतीकडे करून ठेवलेली ती मी. मी हलगी. माधवनगरच्या फुटबॉल संघाच्या सामन्याला तुम्ही कधी आला असाल, तर मला पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल.

माझा जन्म शिराळ्याचा. नाथाजी नावाच्या कारागिरानं लोखंडी कड्यावर कातडं ताणून मला बांधलं. नागपंचमीला रिक्षा भरून माणसं घेऊन आलेल्या भाऊसोनं मला त्याच्याकडे पाहिलं, बोटानं टिचकी मारली आणि तिथंच ठरवलं.

"मिरवणुकीला का वरातीला?" नाथाजीनं विचारलं.

"फुटबॉलला," भाऊसो म्हणाला. नाथाजी हसला, पण मला त्याच्या हातात देताना म्हणाला, "वाजीव गड्या. आवाज लय लांब जातुया हिचा."

तेव्हापासून मी भाऊसोच्या रिक्षात, मागच्या सीटच्या पाठीमागे राहायला लागले. सामन्याच्या दिवशी तो मला काखेत मारून मैदानाच्या कडेला उभा राहायचा. आमच्या पोरांनी चेंडू पुढे नेला की मी कडाडायचे आणि शंभरेक माणसं एकदम उठायची. थंडीत माझं कातडं सैल पडायचं. मग संघाचे प्रशिक्षक वजीरचाचा स्वतः कागद पेटवायचे. "भाऊसो, शेक तिला जरा. आवाज बसलाय तिचा," म्हणायचे. सांगलीच्या गुळाच्या पेठेत त्यांची अडत होती. पण पहाटे गिरणीमागच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभे राहायचे, ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे. त्या मैदानावर ते स्वतः वाढले होते.

आणि तौसीफ. आमचा कॅप्टन. बाप लवकर गेलेला. लहानपणापासून भाऊसोच त्याला सरावाला सोडायचा, बूट घ्यायला सोबत जायचा. भाऊसोला स्वतःचं मूल नव्हतं. तौसीफनं गोल केला की तो मला इतक्या जोरात बडवायचा की त्याच्या बोटांची सालं निघायची. मला ते लागायचं नाही. आवडायचं.

मग दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आला आणि आम्ही हरायला लागलो. एकामागून एक. उत्तरार्धात आमची पोरं चालायला लागायची, अंगावर आलेला चेंडू सोडून द्यायची.

हरणाबाईच्या चहाच्या गाड्यावर रोज संध्याकाळी आमच्या लोकांची बैठक बसायची. पूर्वी तिथं गोलांच्या गोष्टी चालत. आता एकच विषय होता, सराव.

"पोरांत दमच न्हाई," अवधूत म्हणायचा. "चाचा नुसतं पास द्यायला शिकवत्यात. पळवायला नको व्हय?"

"पळवून काय होतंय?" निवृत्त मास्तर चिंतामणकाका चष्मा पुसत म्हणायचे. "आता सगळं शास्त्र बदललंय. खाणं, विश्रांती, व्हिडिओ दाखवून चुका सांगणं. वजीरभाई अजून जुन्या काळात आहेत."

"आवं, पर तुमच्यातलं कोण गेलंय का सराव बघायला?" हरणाबाई गाळणं आपटत विचारायची.

कुणी गेलेलं नसायचं. पहाटे उठायचं कुणाला? पण मत मात्र प्रत्येकाकडे होतं. माणसांचं हे मला नेहमी नवल वाटतं. मैदानापासून जितकी लांब, तितकी त्यांना सरावाची जास्त माहिती.

एका सकाळी भाऊसो हळदीच्या एका व्यापाऱ्याला सांगलीत सोडून नदीकाठच्या रस्त्यानं परत येत होता. तिथं घाटाजवळ आमच्या पक्क्या वैऱ्यांचं मैदान आहे. त्यांना सगळे घाटवाले म्हणतात. भाऊसोनं ब्रेक मारला तशी मी सीटवर आदळले. घाटवाल्यांच्या पोरांत, त्यांचाच टीशर्ट घालून, तौसीफ पळत होता. सोबत आमचे आणखी तिघं. हल्ली तौसीफ 'माझा मी जातो' म्हणून आमच्या रिक्षात बसत नव्हता.

त्यानं रिक्षा ओळखली. धापा टाकत कुंपणाशी आला.

"मामा, कुणाला सांगू नका."

"इकडं काय करतुयास रं?"

"पुढच्या वर्षी इकडं घेणार हायत आमाला. तवर रोज यायला सांगितलंय." त्यानं मान खाली घातली. "आन् म्हणाले, माधवनगरच्या सामन्यात पाय जपून खेळा. दुखापत झाली तर घेणार न्हाई."

"चाचांना म्हाईत हाय?"

"तिकडं आजारी हाय म्हणून सांगतो. मामा, माझं आयुष्य हाय हे. तुमी तरी समजून घ्या."

भाऊसोनं हँडल धरलं. मग म्हणाला, "जा. घाम पूस. गार वाऱ्यात उभा राहू नगंस." आणि त्यानं रिक्षा वळवली.

मला वाटलं, आज संध्याकाळी तो गाड्यावर सगळं सांगेल. तो काहीच बोलला नाही. पुढच्या संध्याकाळीही नाही.

एक दिवस वजीरचाचा स्वतः गाड्यावर आले. त्यांच्यावर काय बोललं जातंय ते त्यांच्या कानावर गेलं होतं. चहा न घेता उभ्याउभ्याच म्हणाले, "सराव चुकीचा हाय म्हणताय. बरं. पर सरावाला पोरं तर यायला पायजेत. निम्मी येतच न्हाईत. कॅप्टनच येत न्हाई."

"आता पोरांवर ढकलताय व्हय चाचा?" अवधूत उसळला. "ह्यो भाऊसो सोडतो की तौसीफला. इचारा त्याला. भाऊसो, सांग रं. पोरं जात्यात का न्हाई सरावाला?"

सगळे भाऊसोकडे बघायला लागले. चाचाही.

मी त्याच्या मांडीवर होते. त्याचा तळवा माझ्या कातड्यावर होता आणि तो घामानं भिजला होता.

"जात्यात," भाऊसो म्हणाला. "सराव हुतोय. पर कसा हुतोय, ते चाचांनाच ठावं."

चाचांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग स्कूटर चालू करून ते निघून गेले.

पुढचा सामना आम्ही पुन्हा हरलो. शिट्टी वाजल्यावर चाचा मान खाली घालून मैदानाबाहेर चालायला लागले, तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "भाऊसो, वाजीव की रं मयताची!" लोक हसले. टाळ्या वाजल्या. भाऊसो थांबेल असं मला वाटलं. त्यानं मला वर धरलं आणि मयताच्या पुढं वाजवतात ती संथ चाल माझ्यावर वाजवली. एका जिवंत माणसाच्या पाठीमागे. ज्यानं माझ्यासाठी कागद पेटवले होते त्याच्या.

कातडं फाटावं असं मला वाटत होतं. पण नाथाजीचं काम पक्कं होतं. माझा आवाज लांबपर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी चाचांनी प्रशिक्षकपद सोडलं. संघ खालच्या गटात गेला. पुढच्या वर्षी तौसीफ घाटवाल्यांच्या जर्सीत उतरला, तेव्हा गाड्यावरची माणसं म्हणाली, "जाणारच की. चाचांनी पोराचं वाटोळं केलं हुतं." भाऊसो बशीत चहा ओतत होता. तो सांडला.

त्यानंतर तो एकदा मला घेऊन चाचांच्या घरी गेला. दार त्यांच्या मुलीनं, ताहेरानं उघडलं. पूर्वी ती सामन्याला माझ्याशेजारी उभी राहून शिट्ट्या मारायची. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि "या" न म्हणताच आत गेली. चाचा बाहेर आले.

"चाचा, मला एक सांगायचं हाय. तौसीफ त्या टायमाला..."

"घाटावर जात हुता," चाचा म्हणाले. "म्हाईत हाय. मी बी गेलतो एकदा बघायला. तुझी रिक्षा उभी हुती तिथं."

भाऊसोनं विचारलं, "मग त्या दिवशी गाड्यावर का बोलला न्हाईसा?"

"माझं कोण ऐकत हुतं? म्हटलं, भाऊसो हाय की. भाऊसो सांगंल." चाचांचा आवाज चढला नव्हता. "तौसीफचं मला कळतं. वय हाय त्याचं, पुढं जायची घाई हाय. तुझं न्हाई कळलं रं मला."

भाऊसोनं मला पुढे केलं, जणू मला देऊन काहीतरी फिटणार होतं. चाचांनी हात लावला नाही. "घेऊन जा," म्हणाले आणि दार हळूच लावून घेतलं.

घरी आल्यावर त्यानं मला कपाटावर ठेवलं. तोंड भिंतीकडे त्यानंच केलं.

खालच्या गाड्यावर अजून सरावाचीच चर्चा चालते. अजूनही दोष चाचांचाच असतो. भाऊसो तिथं बसतो, ऐकतो आणि उठून येतो. चाचांपाशी जाऊन आला, पण जिथं खोटं बोलला तिथं अजून बोललेला नाही.

उद्या नव्या हंगामाचा पहिला सामना आहे. सकाळी अवधूत मला मागायला येईल. तुमची ओळख असेल तर त्याला सांगा, हलगीला एवढ्यात हात लावू नकोस. आधी भाऊसोला गाड्यावर बसव आणि काय ते विचार. तो बोलला तर मला खाली काढा, दोन्ही बाजूंनी शेका, मी पूर्वीसारखी कडाडेन. तो गप्प राहिला तर मला इथंच राहू द्या. दुसरी हलगी शिराळ्यात मिळेल.