सात वेळा ‘नाही’

दुरुस्तीच्या दुकानात शिरल्यापासून ऑपरेटरीणबाईंचं सगळं लक्ष दुरुस्तीवाल्याच्या हातांकडे होतं. यंत्र बिघडलंय एवढंच नवऱ्याला माहीत होतं. ते कुणामुळे, हे बाईंना माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं दुरुस्तीवाला नुसता चष्मा पुसायला लागला तरी त्या दचकत होत्या.

नवरा जन्मापासून अंध. तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसले, म्हणून सगळे त्यांना ऑपरेटर म्हणत, आणि ओघाने ह्या ऑपरेटरीण. आवाजावरून माणूस ओळखण्यात ऑपरेटरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोण खरंच आजारी आहे आणि कोण रजेसाठी कण्हतंय, ते त्यांना ‘हॅलो’तच कळे. बायकोचा आवाज मात्र त्यांनी कधी तपासला नव्हता. तशी वेळच आली नव्हती.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. रोज जेवणं उरकली की बाई त्यांना वाचून दाखवत. आधी पत्रं, मग वर्तमानपत्र, मग कादंबरीचं एक प्रकरण. गेल्या वर्षी हे यंत्र आलं. तळहाताएवढं, लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारं, कागदावरचं किंवा स्वतःच्या पडद्यावरचं काहीही घडाघडा वाचणारं. आणलं बाईंनीच, मोठ्या हौसेने. “आपल्या हाताने सवत आणली बघ,” असं त्या पुढे बहिणीला हसत म्हणाल्या, पण ते काही नुसतं हसणं नव्हतं. तेव्हा एक जाडजूड रहस्यकथा निम्मी वाचून झाली होती. एका दुपारी ऑपरेटर कानातली वायर काढून सहज म्हणाले, “ते पुस्तक संपवलं मी. खून त्या डॉक्टरनेच केला होता.” बाईंनी खुणेचा कागद होता तिथेच राहू दिला आणि भांडी घासायला घेतली.

मग आठवड्यापूर्वी ऑपरेटरांनी यंत्रात नवा आवाज घालायला घेतला. यंत्राने जुना आवाज काढून टाकला आणि नवा बसवण्याआधी पडद्यावर विचारलं, पुढे जायचं? हो की नाही? विचारलं तेही मुकाट्याने, कारण वाचून दाखवणारा आवाजच तेव्हा जागेवर नव्हता.

“बघ गं, काय म्हणतंय?”

“काही नाही हो. एरर आलीय,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ‘नाही’वर बोट टेकवलं.

“मग आज तूच वाच,” ऑपरेटर म्हणाले. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

यंत्र सुरू केलं की ते पुन्हा तोच प्रश्न विचारी. ऑपरेटर रोज सकाळी ते सुरू करून आंघोळीला जात आणि बाई मागे राहून उत्तर देत. शेवटी ऑपरेटरांनीच चार फोन फिरवून हे दुकान शोधलं.

“आवाजाचं पॅकेज अर्धवट बसलंय,” दुरुस्तीवाला म्हणाला. “जागा भरपूर आहे, बॅटरी ठीक आहे. मग अडतंय कुठे?” त्याने यंत्राच्याच पडद्यावर यंत्राने ठेवलेल्या रोजच्या नोंदी उघडल्या. वाचता वाचता त्याचं बोट थांबलं. त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी ‘सांगू नका’ अशी हळूच मान हलवली.

दुरुस्तीवाला खाकरला. “काका, मधेच अडकलं होतं. होतं असं कधी कधी. अर्धवट आहे ते काढतो आणि परत घालतो.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. तो माणूस भला होता, पण भलेपणाच्या गडबडीत नोंदींचं पान बंद करायचं विसरला. पुन्हा प्रश्न आला तेव्हा त्याने यंत्र बाईंपुढे धरलं. “काकू, तुम्हीच दाबा.”

बाईंनी ‘हो’ दाबलं. पट्टी भरत गेली, पडदा एकदा मिटून उघडला आणि नवा आवाज समोर जे होतं ते वाचू लागला.

“दोन तारीख, संध्याकाळी सहा दहा. पुढे जायचं? उत्तर, नाही. तीन तारीख, सकाळी आठ वीस. पुढे जायचं? उत्तर, नाही. चार तारीख, सकाळी आठ वीस.”

दुरुस्तीवाला बटण चाचपत राहिला. ते सापडेपर्यंत सातही ‘नाही’ वाचून झाले होते.

“आठ वीसला मी आंघोळीला असतो,” ऑपरेटर म्हणाले.

“चुकलं माझं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही परत मला वाचायला सांगायला लागलात. मला ते हवं होतं.”

“मग तसं म्हणायचं होतंस.”

ते रागावले असते तर बाईंना सोसलं असतं. पण हा बोर्डावरचा आवाज होता, अनोळखी लोकांशी बोलायचा. त्यांनी दुरुस्तीवाल्याचे आभार मानले, यंत्र खिशात घातलं आणि नेहमीसारखा बाईंचा कोपर धरला.

दोघं रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आले. तिथे ऑपरेटर थांबले.

“समोर काही आहे?”

“नाही. रस्ता मोकळा आहे,” बाई म्हणाल्या. आणि तो खरंच मोकळा होता.

ऑपरेटरांनी पिशवीतून घडीची काठी काढली. बाई सोबत असताना ती एकोणीस वर्षांत कधी उघडली गेली नव्हती. एकेक सांधा खटखट जुळत गेला. डाव्या हाताने त्यांनी बाईंचा कोपर धरूनच ठेवला, आणि उजव्या हातातल्या काठीने तो मोकळा रस्ता चाचपत ते पुढे निघाले.