सोफ्यासकट सून

घर बदलायचं होतं. सगळे खोकी भरत होते आणि धाकटी सून सोफ्यावर बसून होती. "आई, मी काय करू?" असं तिनं सकाळीच विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "काही नको गं, तू बस."

मला ऑटिझम आहे, मनातलं ओळखता येत नाही, स्पष्ट सांगत जा, हे तिनं लग्नाआधीच सांगितलं होतं. "होईल बरं, पथ्य पाळ," म्हणून सासूबाईंनी विषय मिटवला होता.

आता आतून त्यांचाच आवाज आला, "महाराणी जागची हलेल तर शपथ!"

कामचुकार म्हणून नव्या घरात जायचं नव्हतं तिला. पण उठावं तर आईंचा शब्द मोडतो.

तेवढ्यात हमाल आले. "ताई, उठता का?"

"आईंनी बसायला सांगितलंय."

हमालांनी सुनेसकट सोफा उचलला. दारात सासूबाई किंचाळल्या, "अगं, उतर! आणि त्या काचेच्या बरण्या गुंडाळ!"

ती टुणकन उतरली.

"असं तोंडानं सांगावं लागतं होय तुला?"

"हो."

मग सासूबाईंनी एका दमात चार-पाच कामं सांगून टाकली. लग्न झाल्यापासून तिच्याशी कुणी इतकं गोड बोललं नव्हतं.