मागे बसलेली शकू

मांडव्याहून अर्ध्या तासावर, खाडीकाठी आमच्या गावात बाराशे खुर्च्यांचं सभागृह आहे. वर परिषदांसाठी चार दालनं. सहावीची मुलं मी दरवर्षी तिथे नेतो. पूर्वी इथे मिठागर होतं, हे सांगितलं की ती जमिनीकडे बघतात, मग लिफ्टकडे पळतात. शेवटी मात्र सगळी मागच्या भिंतीला हात लावतात, कारण ती गादीसारखी मऊ आहे.

ती मऊ का झाली, त्याची ही गोष्ट.

उद्घाटनाला आठ दिवस होते. सभागृहाच्या आवाजाचं काम माझा जुना विद्यार्थी प्रणय याच्याकडे होतं. सकाळीच घरी आला.

"गुरुजी, गाव गोळा करून द्या. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, माणसं बसली की कमी होतो. तपासणी भरल्या खुर्च्यांनीच करायला हवी. संध्याकाळी साहेब तपासायला येणार आहेत. आज आवाज पास झाला नाही तर पहिला कार्यक्रम मुंबईला हलवणार आहेत. माझं हे पहिलंच मोठं काम."

दुपारपर्यंत गाव खुर्च्यांवर होतं. बिनामाइकचं गायला कमळआत्या उभी राहिली. ती आमची धवलारीण. आमच्याकडे लग्नातले विधी धवलारीण गाऊन पार पाडते, आणि ते गाणं नेहमी जोडीनं असतं. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं तीच उचलायची. आत्याची जोडीदारीण शकू त्या दिवशी लेकीकडे बोर्ली पंचतनला गेली होती.

प्रणयनं मधल्या खुर्च्यांवर यंत्रं ठेवली. "आत्या, फक्त दोन मिनिटं. बाकी कोणी बोलायचं नाही."

आत्यानं हळदीची ओळ खड्या आवाजात घेतली आणि थांबली. परत घेतली, परत थांबली. मग कमरेवर हात ठेवून अंधाऱ्या मागच्या रांगांकडे ओरडली, "शकू! बोर्लीवरनं आलीस कवा? आनि माजी वळ सरू दे की गं! येवढी घाई कसली?"

लोक माना वळवून बघायला लागले. शकू कुठेच नव्हती.

"आत्या, यंत्र चांगलं दाखवतंय," प्रणय कळवळून म्हणाला. "तुम्ही गा ना."

"तुजं यंत्र खुर्चीत बसलंय, पोरा. मी हितं हुबी हाय. मागनं कोन तरी माजी वळ उचलतंय."

पुढच्या रांगेतल्या बायकाही म्हणाल्या, "व्हय, आमाला पन आयकाय येतं."

मी प्रणयला म्हटलं, "अरे, शाळेत विहिरीवर नेऊन तुला काय दाखवलं होतं?"

तो धावत स्टेजवर गेला, आत्याशेजारी उभा राहिला आणि एक टाळी वाजवली. मागच्या चकचकीत दगडी भिंतीनं ती स्वच्छ परत केली. त्याचा चेहरा पडला.

"मी इथे उभा राहून बघितलंच नव्हतं, गुरुजी. आता संध्याकाळपर्यंत कसं होणार?"

"आवाज काय पितं?"

"मऊ वस्तू... कापूस... कापड!"

"गोधड्या आना गं!" आत्यानं बायकांना हुकूम सोडला.

तासाभरात सव्वाशे गोधड्या आल्या. मजुरांची परांची अजून भिंतीला होतीच, तिच्यावर त्या वरपासून खालपर्यंत टांगल्या. जुनी नऊवारी लुगडी, शाळेचे गणवेश, कुणाची तरी लग्नातली शाल, सगळं त्यांत शिवलेलं. आत्या परत गायली. ओळ संपली आणि संपलीच. तपासायला आलेल्या साहेबांनी स्टेजवर उभं राहून तीनदा टाळ्या वाजवल्या आणि कागदावर सही केली. त्या आठवड्यातच प्रणयनं भिंतीला मऊ गाद्या बसवल्या आणि गोधड्या घरोघरी परत गेल्या.

उद्घाटनाचं पहिलं गाणं अर्थातच धवलारणींचं. या वेळी शकू खरोखर शेजारी होती. आत्यानं ओळ सुरू केली आणि मागच्या भिंतीकडे संशयानं पाहिलं. भिंत गप्प.

पण ओळ पुरी व्हायच्या आत शकूनं ती उचलली.

आत्या गाणं थांबवून पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे वळली. "बगितलंत गुरुजी? भिंत सुदारली. ही न्हाय सुदारली!"

बाराशे माणसं हसली, आणि तो हशा स्टेजवर उलटून आला नाही. प्रणय तेवढंच कान देऊन ऐकत होता.