आग एकीकडे, बंब भलतीकडे

घरचा कॉम्प्युटर बिघडला की दुकानवाल्याला बोलवायचं नाही, हा नवऱ्याचा नियम. "मी असताना?" म्हणून तो बाह्या सरसावायचा. त्याच्या सासूबाईंनी त्याला 'तज्ज्ञ' हे नाव ठेवलं होतं आणि बिचाऱ्याला बरेच दिवस ते कौतुकच वाटायचं.

काल संध्याकाळी याच तज्ज्ञाने, कुणी सांगितलेलं नसताना, नीट चाललेली युनिक्स सिस्टिम अपडेट करून 'जरा ताजी' केली आणि आज सकाळी ती उठेचना. काळा पडदा, त्यावर एकच ओळ: अमुक पॅकेज सापडत नाही. त्याच डिस्कवर बायकोने काढलेला शाळेच्या इमारतीचा नकाशा. तीन महिन्यांची मेहनत, आणि स्पर्धेला पाठवायची मुदत आज दुपारी बारा.

"काही घाबरू नकोस," तो म्हणाला. स्वतःला मात्र दरदरून घाम फुटला होता.

डिस्कचे दोन भाग होते. एकात ही आडवी झालेली सिस्टिम, दुसऱ्यात अडीनडीला ठेवलेली छोटी. त्याने छोटी सुरू केली, बिघडलेला भाग तिच्या एका फोल्डरला जोडला आणि नकाशाच्या प्रोग्रॅमसकट सगळी पॅकेजेस नव्याने बसवायचा हुकूम सोडला. सरसर ओळी धावल्या. एकही चूक नाही! स्वारी खूश. मग मोठी सिस्टिम सुरू केली, तर तोच काळा पडदा.

परत छोटी, परत जोडणी, परत हुकूम. 'सगळं आधीच बसवलेलं आहे,' मशीनने कळवलं. आधीच? मग हे मेलं उठत का नाही? त्याने जबरदस्तीने बसवायला लावलं. पुन्हा काळा पडदा. तिसऱ्या खेपेला छोटी उघडली तेव्हा साडेअकरा झाले होते.

बायको मागे येऊन उभी राहिली. ती रागावली असती तर परवडलं असतं, पण तिचे डोळे भरले होते.

"हे सगळं बसवतोयस कुठे?" तिने विचारलं.

"कुठे म्हणजे? बिघडलेल्या..." त्याने हुकमाची ओळ पुन्हा वाचली आणि त्याची बोबडीच वळली. जोडलेल्या फोल्डरचं नाव घालायचंच राहिलं होतं. सकाळपासून एकूण एक पॅकेज छोट्या, धडधाकट सिस्टिममध्ये जाऊन बसत होतं.

"म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!"

"अर्धा तास दे, आता बरोबर करतो."

"अजिबात हात लावू नकोस!" तिने त्याला खुर्चीवरून उठवलं. छोट्या सिस्टिमच्या यादीत तिचा नकाशाचा प्रोग्रॅम दिसत होता. तो उघडला. "माझी फाइल?"

"त्या जोडलेल्या फोल्डरात... असेल."

होती. सकाळपासून तिथेच होती, पण दुरुस्तीच्या नादात त्याने आत डोकावलंच नव्हतं. जिने, वर्ग, खिडक्या, सगळं जागच्या जागी. बाराला आठ मिनिटं असताना नकाशा गेला.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "पोचला गं?"

"पोचला आई. यांच्याच मशीनवरून," बायकोने सांभाळून घेतलं.

त्याला ते ऐकवेना. त्याने फोन घेतला. "आई, बिघडवलं मीच. आणि दुरुस्त करताना चुकलो, म्हणून पोचला."



"जावईबापू, पेन आहे का जवळ? दुकानवाल्याचा नंबर देते."

त्याने मुकाट्याने लिहून घेतला.